बारा वर्षांचें मूल आणि त्याचें मन

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या पूर्वजांच्या श्रमांचें आणि श्रद्धेचें गुणगान आपण ऐकलें, तें योग्यच आहे. परंतु चर्च एकदां बांधून होतें. त्यांत गुडघे टेकणारें मन घडविण्याचें काम मात्र दर पिढीस नव्यानें करावें लागतें. आज आमच्याकडे सोंपविलेला विषय याच कामाचा एक भाग आहे. इयत्ता पांचवी ते आठवीच्या, म्हणजे सुमारें दहा ते चौदा वर्षांच्या मुलांस स्वतःच्या भावना ओळखण्याचें, त्या आवरण्याचें आणि चारचौघांत सलोख्यानें वागण्याचें शिक्षण कसें द्यावें, हा तो विषय होय.

राग, लज्जा, दुःख या कांहीं शिकविण्याच्या गोष्टी आहेत काय, असें कित्येक पालक विचारतील. वय वाढलें कीं शहाणपण आपोआप येतें, असें आम्हीही बरींच वर्षें समजत होतों. आमचा तो समज एका मुलानें दूर केला.

आम्ही तेव्हां सातवीच्या वर्गास शिकवीत होतों. एके दिवशीं मधल्या सुट्टींत एका शांत स्वभावाच्या मुलानें शेजारच्या मुलाची भूगोलाची वही टराटरा फाडली. ‘हें तूं केलेंस काय?’ असें आम्हीं विचारलें. त्यानें मान हालविली. आम्हीं त्यास दोन तास वर्गाबाहेर उभें केलें, आणि न्याय झाला असें मानून धडा पुढें चालू केला. त्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर त्याची आजी भेटली. ती म्हणाली, ‘मास्तर, त्याच्या बापाचं काम सुटलंय हो. पोर घरात कुणाशी बोलत नाही. वर्गात त्यावरनं कुणीतरी हसलं त्याला.’

आम्ही जागच्या जागीं थिजलों. तूं काय केलेंस, हें आम्हीं विचारलें होतें. तुला काय झालें, हें विचारलेंच नव्हतें. वही फाडणें चूकच होतें. परंतु त्या मुलापाशीं आपलें दुःख सांगावयास शब्द नव्हते. आणि ते शब्द देणें हें ज्यांचें काम, त्या आम्हींच त्याला दाराबाहेर काढलें होतें. सोमवारीं एकीकडे बोलावून आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र डिंकाची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, ‘सर, ती वही मी चिकटवून देऊ का?’ हंसणाऱ्या मुलासही आम्हीं त्याच्याजवळ बसविलें. दोघे मिळून पानें जुळवूं लागले.

या वयाची अडचण ध्यानांत घ्या. शरीर बदलूं लागतें, मित्रांचें मत आईबापांच्या मताहून जड वाटूं लागतें, जराशी थट्टा जिव्हारीं लागते. मेंदूचा जो पुढील भाग सारासार विचार करून मनाला आवर घालतो, तो विशी उलटली तरी पक्व होतच असतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे मनाचा घोडा बाराव्या वर्षींच उधळूं लागतो, आणि लगाम मागाहून तयार होतो. तोंवर लगामाला वडीलधाऱ्यांचा हात हवा. त्यांत पूर्वीं शाळेंतील थट्टा शाळेंतच राहत असे. आतां ती मोबाइलवरून मुलाच्या अंथरुणापर्यंत येते.

अमेरिकेंत १९९४ सालीं स्थापन झालेल्या ‘कॅसेल’ या संस्थेनें या शिक्षणाचे पांच भाग सांगितले आहेत: स्वतःला ओळखणें, स्वतःला आवरणें, दुसऱ्याचें मन जाणणें, नातें जोडून तें टिकविणें, आणि विचारपूर्वक निर्णय घेणें. आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही सामाजिक व भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. नांवें नवीं असलीं, तरी आपणां ख्रिस्तीजनांस ही वस्तु नवी नाहीं. लोयोलाच्या संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांच्या परंपरेंत रोजच्या आत्मपरीक्षणाचा परिपाठ आहे. आज मन कोठें शांत झालें आणि कोठें खिन्न झालें, हें देवासमोर बसून त्यांत पाहावयाचें असतें.

यांत वेळ घालविला तर अभ्यास मागें पडेल, अशी कोणी शंका घेईल. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यांत अशा २१३ शालेय उपक्रमांचे आणि सुमारें २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले होते. शंभरांच्या रांगेंत मध्यावर असलेला विद्यार्थी या शिक्षणानें अभ्यासांतही सुमारें ११ जागा पुढें सरकतो, असें त्यांत आढळलें. मात्र धडा दिला कीं गुण आलाच, असेंही नाहीं. ब्रिटनमध्यें ८ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या, आणि २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मनाच्या सजग निरीक्षणाचे पाठ वर्गांत देऊनही नेहमींच्या शिक्षणाहून अधिक लाभ दिसला नाहीं. बहुतेक मुलांनीं घरीं सराव फारसा केलाच नव्हता. पोहणें जसें फळ्यावर शिकतां येत नाहीं, तसेंच हेंही आहे. सराव हवा, आणि सोबत पाण्यांत उतरणारा वडील माणूस हवा.

तो वडील माणूस कसा असावा, हें संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनीं दाखविलें आहे. नऊ वर्षांचे असतांना त्यांना एक स्वप्न पडलें. शिवीगाळ करणाऱ्या मुलांच्या घोळक्यांत शिरून ते त्यांना ठोसे लगावूं लागले. तेव्हां एका तेजस्वी पुरुषानें त्यांना अडविलें, आणि मारानें नव्हे तर सौम्यतेनें व मायेनें यांना आपलेंसें कर, असें सांगितलें. पुढें ट्यूरिन शहरांतील निराधार व कामकरी मुलांस गोळा करून त्यांनीं जी शिक्षणपद्धति उभारली, तिचे आधार तीन: विवेक, धर्म आणि ममता. मुलांवर प्रेम करणें पुरेसें नाहीं, तें प्रेम मुलांना कळलेंही पाहिजे, असें त्यांनीं १८८४ सालीं रोमहून धाडलेल्या पत्रांत आपल्या लोकांस बजाविलें.

आपल्यांपैकीं कोणता बाप मुलावर प्रेम करीत नाहीं? पहांटेची गाडी पकडणारा आणि रात्रीं थकून परतणारा बाप मुलासाठींच राबत असतो. पण मुलाच्या कानीं काय पडतें? ‘किती गुण मिळाले? शेजारच्याला किती?’ माया पोटांतच राहते, आणि मुलापर्यंत पोहोंचते ती तुलना.

संत लूकच्या शुभवर्तमानांत आपल्या प्रभूच्या बालपणींचा एकच प्रसंग सविस्तर आला आहे, आणि तेव्हां तो बारा वर्षांचाच होता. आजच्या हिशेबानें सहावी-सातवींतला मुलगा! तीन दिवसांनीं तो यरुशलेमच्या मंदिरांत सांपडला, तेव्हां पवित्र मरियेनें काय केलें? असें कां वागलास, हें तिनें विचारलें. आणि आपण दोघांनीं किती व्याकुळ होऊन शोध केला, हेंही सांगितलें. स्वतःची व्यथा तिनें लपविली नाहीं, आणि तिचें शस्त्रही केलें नाहीं. पुत्राचें उत्तर तिला उमगलें नाहीं, तरी तें तिनें अंतःकरणांत जपून ठेविलें. मग तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेंत राहिला. प्रश्न विचारणें, आपलें मन सांगणें, उत्तर ऐकून घेणें: आमच्या विषयाचा सारा अभ्यासक्रम या एका प्रसंगांत आला आहे.

म्हणून आपणांपाशीं आमचें मागणें थोडकेंच आहे. रात्रीं जपमाळेची प्रार्थना झाल्यावर पांच मिनिटें बसा. आज कशानें आनंद झाला आणि काय मनाला लागलें, हें प्रत्येकानें सांगावें, आणि आरंभ वडिलांनीं करावा. रडणाऱ्या मुलास ‘मुलगा असून रडतोस?’ असें म्हणूं नका. लाजरसाच्या थडग्यापाशीं स्वतः प्रभु रडला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत भांडण झालें, तर शिक्षकांनीं आधीं एकाला दुसऱ्याची बाजू सांगावयास लावावें, मग स्वतःची. शिक्षा करावी लागली, तर मोडलेलें जोडावयास लावील अशी करावी. आणि आपली चूक झाली, तर मुलाची क्षमा मागावी. आमच्या अनुभवानें सांगतों, त्यानें वडीलकी कमी होत नाहीं.

आजची बारा वर्षांचीं मुलें या धर्मग्रामाच्या पुढील महोत्सवांत या बांकांवर वडीलधारीं म्हणून बसतील. तेव्हां त्यांच्या मुलांशीं तीं कसें बोलतील, हें आज रात्रीं आपण त्यांच्याशीं कसें बोलतों यावर बरेंच अवलंबून आहे. पवित्र मरिया व संत योसेफ यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपणांस त्यासाठीं धीर, शब्द आणि ऐकण्याची शांति देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.