रोगप्रतिकाराची वेसण

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात हैदराबाद येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत संस्थेच्या इतिहासावर बोलण्याची आपली प्रथा आहे. परंतु कार्यवाहांची आज्ञा अशी, की मी ज्या विषयात आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे काढली त्याविषयीच काही सांगावे. माझा विषय म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एक प्रथिन. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीशी त्याचा संबंध आहे म्हणूनच मी ही आज्ञा शिरसावंद्य मानली. तो संबंध कसा, हे प्रथम सांगतो.

२०२३ सालच्या पावसाळ्यात आपल्याच समाजातील एक तरुण माझ्याकडे आला. वडिलांना तोंडाचा कर्करोग झालेला, आणि शस्त्रक्रिया होऊनही तो उलटलेला. डॉक्टरांनी ज्या इंजेक्शनाचे नाव काढले होते त्याची किंमत ऐकून घर बसकण मारून बसले होते. मुलाच्या हातात एक छापील कागद होता. तो म्हणाला, "काका, डॉक्टरांनी पीडी-१ चे औषध सांगितले. हे पाहा, पीडी-१ त्याहून कितीतरी स्वस्तात मिळते. मागवू का?" मी कागद पाहिला. तो प्रयोगशाळांना लागणाऱ्या प्रथिनाचा पत्रक होता, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी.

ही ओळ तेथे का असते, हे त्या मुलाला मी ज्या शब्दांत सांगितले त्याच शब्दांत आज सांगतो.

आपल्या रक्तात टी पेशी नावाचे पहारेकरी फिरत असतात. रोगजंतूंनी घर केलेली पेशी दिसली की ते तिचा नाश करतात. पण हा पहारेकरी म्हणजे मस्तवाल बैल. मोकळा सोडला तर शत्रूबरोबर घरचे पीकही तुडवील. म्हणून निसर्गाने त्याला वेसण घातली आहे. ती वेसण म्हणजेच पीडी-१ हे प्रथिन. ते पेशीच्या पातळ आवरणात रोवलेले असते: एक भाग बाहेर, मधला भाग आवरणाच्या आरपार, आणि शेपूट आत. शरीरातील इतर पेशी आपल्या अंगावर पीडी-एल १ नावाचे दुसरे प्रथिन धरतात. ते बाहेरच्या भागाला येऊन भिडले की आतल्या शेपटीकडून निरोप जातो, "थांब, हे घरचेच आहे." आणि बैल थबकतो.

या वेसणीचा शोध गमतीने लागला. जपानमधील क्योतो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशी मरतात कशा याचा शोध चालला होता. १९९२ साली त्यांना एक जनुक सापडले. ते मरणाशी निगडित असावे असे वाटून नावही तसेच ठेवले गेले. पुढे १९९९ साली ज्या उंदरांत हे जनुक मुळीच नाही असे उंदीर पाहिले, तेव्हा वय वाढल्यावर त्यांचे सांधे आणि मूत्रपिंडे त्यांच्याच पहारेकऱ्यांनी पोखरलेली आढळली. तेव्हा उमगले की ही मरणाची दोरी नसून आवरण्याची दोरी आहे. नाव मात्र जुनेच राहिले.

आता कर्करोगाची लबाडी पाहा. अनेक गाठींच्या पेशी स्वतःच्या अंगावर तेच पीडी-एल १ मिरवतात. चोराने घरच्या माणसाचा अंगरखा चढवून वेसण हाती धरावी, तसे हे. यावर उपाय असा, की वेसणीवर असे वेष्टन घालायचे की चोराला ती धरताच येऊ नये. ते वेष्टन म्हणजे पीडी-१ ला चिकटणारे प्रतिपिंड, आणि तेच डॉक्टरांचे इंजेक्शन. असे पहिले औषध, निव्होलुमॅब, २०१४ साली जपानमध्ये मान्य झाले. होंजो यांना आणि अशाच दुसऱ्या एका वेसणीवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात वेसण सोडवल्यावर बैल कधी घरच्या शेतातही शिरतो. फुप्फुसे, आतडी, यकृत, गलग्रंथी यांना सूज येऊ शकते. म्हणून हे औषध तज्ज्ञाच्या नजरेखालीच घ्यावयाचे असते.

मग कुपीतले प्रथिन कोणते? ते वेष्टन नव्हे. ती वेसणीची प्रतिकृती होय. मानवी पीडी-१ ही २८८ अमिनो आम्लांची माळ आहे. मधला भाग तेलकट, त्याला पाणी मानवत नाही. म्हणून बहुधा केवळ बाहेरच्या भागाचे जनुक घेतात. ते मानवी मूत्रपिंडापासून निघालेल्या एका पेशीवंशात घालतात. हा वंश १९७३ साली हॉलंडमधील लायडन येथे तयार झाला. साध्या जिवाणूंत हे प्रथिन करता येते, पण मानवी पेशी त्याच्यावर जी साखरेची नक्षी चढवतात ती जिवाणूंना साधत नाही. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडीन या आम्लाची लहानशी शेपटी जोडलेली असते. ती निकेलला धरते. त्यामुळे निकेल बसवलेल्या नळीतून द्रव सोडला की हवे ते प्रथिन अडकून राहते आणि बाकीचे वाहून जाते. मग ते सोडवून, शुद्ध करून, गोठवून वाळवतात. एका कुपीत पुष्कळदा शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहाहजारावा भाग. बुडाशी पांढरट ठिपका दिसला तर दिसतो.

या ठिपक्याचे काम मोठे आहे. तो लहान खळग्यांच्या तबकडीत बसवायचा, वर नवे प्रतिपिंड ओतायचे, धुवायचे, आणि रंग येतो का पाहायचे. रंग आला म्हणजे प्रतिपिंड वेसणीला धरते. किती घट्ट धरते, पीडी-एल १ ला अडवते की नाही, हे सारे याच प्रतिकृतीवर तपासतात. सोनाराला जशी कसोटी, तशी संशोधकाला ही कुपी. कसोटीचा दगड काही कोणी दागिना म्हणून गळ्यात घालीत नाही!

माझी एक चूकही सांगतो. उमेदीच्या काळात अशी एक कुपी मी पाण्यात विरघळवून रोज शीतकपाटातून काढी आणि परत ठेवी. वारंवार गोठणे-वितळणे प्रथिनाला सोसत नाही, हे कागदावर छापलेले होते. मी वाचले नव्हते. तीन आठवडे रंग फिका येत गेला, आणि मी दोष प्रतिपिंडाला देत राहिलो. माझे नुकसान तीन आठवड्यांचे झाले. त्या मुलाने बारीक ओळ वाचली नसती, तर नुकसान कोणाचे झाले असते? ती कुपी माणसाच्या शरीरात घालण्यासाठी तपासलेली नसते. आणि घातली तरी रोग्याला हवे असते वेष्टन, मिळाली असती वेसणीची नक्कल.

आपल्या या शहराला ही विद्या नवी नाही. १९९७ साली येथील शांता बायोटेक्निक्सने कावीळ-ब ची भारतातील पहिली पुनर्संयोजित लस बाजारात आणली. तीही विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन यीस्टच्या पेशीत घडवूनच. पण ती लस होती. माणसांवर पारखून मान्य झालेली. विद्या एकच, पण कुपी आणि औषध यांत पारखीचे अंतर असते.

मी त्या मुलाला घेऊन त्याच्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका अभ्यासाची माहिती दिली. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी काहींना तोंडाने घ्यावयाची औषधे, आणि काहींना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. ही मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के निघाले. पूर्ण मात्रेशी ही तुलना नव्हती, हेही लक्षात ठेवावे. तरी पूर्ण मात्रा ज्यांच्या आवाक्याबाहेर, त्यांच्यासाठी हा दरवाजा किलकिला झाला.

त्या गृहस्थांना डॉक्टरांनी हेच उपचार दिले. खर्चाचा काही भाग आपल्या निधीने उचलला. पुढचे आठ महिने ते जेवले-खाल्ले, नातवाच्या बारशाला पाटावर बसले. त्यानंतर ते गेले. रोग बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण मुलाने जे पैसे कुपीवर घालवले असते, ते वडिलांच्या कामी आले.

तेव्हा विश्वस्त मंडळींपुढे माझी एकच सूचना आहे. निधीतून पैसे देतो, त्याबरोबर माणूसही द्यावा. आपल्या समाजात डॉक्टर, औषधविक्रेते, प्रयोगशाळेत काम केलेले निवृत्त लोक आहेत. रुग्णाच्या नातलगाबरोबर बसून कागदावरची बारीक अक्षरे वाचणारा एकजण दर आठवड्याला कचेरीत असावा. पहिल्या नावाची जागा माझ्यासाठी राखून ठेवा.