सर्दीची गोळी आणि आईचे दूध



ह्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास आणि साहित्य ह्यांवर बोलणारे विद्वान येतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयात झाले. आम्ही बोनस किंवा महागाई भत्ता ह्यांवर बोलू, अशी चालकांची कल्पना होती. आम्ही सर्दीच्या गोळीचे नाव काढताच ते हसले. आपणही हसा, परंतु अर्धा तास ऐकून घ्या. कारण ह्या विषयात आमची स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आमच्या युनियनच्या कचेरीत पत्र्याची एक औषधपेटी असे. त्यात आयोडिन, पट्ट्या, मलम आणि सर्दीच्या गोळ्या. एका शिलाई कारखान्यातली एक बाई पडशाने बेजार होऊन आली. घरी तीन महिन्यांचे तान्हे मूल. दोन दिवस घरी राहा म्हणावे, तर महिन्याचे हजेरी-बक्षीस बुडत होते. आम्ही मोठ्या मनाने गोळ्यांची अख्खी पट्टी तिच्या हाती ठेवली आणि काम केल्याचे समाधान मानले. बाईने दिवसाला तीन याप्रमाणे पाच दिवस गोळ्या घेतल्या. आठवड्याने तिची सासू कचेरीच्या दारात उभी. “दादा, पोर नुसतं झोपतंय, अंगावर धड ओढत नाही, आणि पान्हाही आटलाय. वरचं दूध सुरू करू का?”

आम्ही दोघींना दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, “गोळी कोणती?” आम्हांला गोळीचा रंग ठाऊक होता, आतले औषध ठाऊक नव्हते! त्या म्हणाल्या, “गोळीनेच झाले असे छातीठोक सांगता येणार नाही, पण संशयाला जागा आहे.” गोळ्या बंद केल्या, मुलाला वरचेवर अंगावर घेतले आणि हळूहळू दूध पूर्ववत झाले. मूल वाचले, आमची मात्र झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचू लागलो.

जे वाचले, जाणत्यांना विचारले, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, सर्दी झाली म्हणून अंगावर पाजणे थांबवू नये. लक्षणे दिसण्यापूर्वीच मूल आईच्या सहवासात असते. आणि त्या रोगाशी झुंजणारी द्रव्ये आईच्या दुधातूनच त्याला मिळतात. हात धुवावेत, पाजताना तोंडावर फडके बांधावे, एवढे पुरे.

दुसरी गोष्ट, सर्दीची गोळी म्हणजे एक औषध नव्हे, ती तीन-चार औषधांची मोट असते. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. ताप व अंगदुखी ह्यांसाठीचे पॅरासिटामॉल दुधात अल्प प्रमाणात उतरते आणि पाजणाऱ्या आईला चालते. आयबुप्रोफेनही चालते. मात्र दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असते आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते, हे ध्यानात ठेवावे. ॲस्पिरिन टाळावे, मुलांमधील राय नावाच्या गंभीर विकाराशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

नाक गळणे थांबवणारे क्लोरफेनिरामाइन झोप आणते, आईला आणि कधी बाळालाही. ते बरेच दिवस घेतल्यास दूधही कमी होऊ शकते. शिंका फारच असतील तर सेटिरिझिन किंवा लोराटाडिन बरे, असे डॉक्टर सांगतात.

चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनची कथा विलक्षण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात आठ स्तनदा मातांना ६० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. पुढल्या चोवीस तासांतले त्यांचे दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटले. औषध दुधात उतरते थोडेच, पण घाव घालते झऱ्याच्या मुळावर! आपल्याकडच्या गोळ्यांत त्याऐवजी बहुधा फेनिलेफ्रिन असते. पोटात घेतलेले फेनिलेफ्रिन नाक मोकळे करीतच नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार मंडळाने २०२३ साली एकमताने म्हटले. मग ते घ्यावेच कशाला?

खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर हातही लावू नये. काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे फार वेगाने मॉर्फिन बनते आणि दुधावाटे बाळाचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली पाजणाऱ्या मातांना तसा इशारा दिला आहे.

आणि आपले औषध चमचाभर बाळालाही पाजण्याची चाल तर सोडूनच द्यावी. क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन ह्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितले.

मग करावे काय? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफारा, नाकात खारट पाण्याचे थेंब, भरपूर पाणी. मध आईने खुशाल चाटावा. वर्षाच्या आतील बाळाला मात्र बोटभरही नको. नाक मोकळे करणारे औषधी थेंब पोटातल्या गोळीपेक्षा बरे, पण तीन-चार दिवसांपुढे नकोत. नाक उलट अधिक चोंदते. दुकानात आधी सांगावे, “मी अंगावर पाजते,” आणि एकाच औषधाची साधी गोळी मागावी. मूल दोन महिन्यांच्या आतले वा अपुऱ्या दिवसांचे असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीच घेऊ नये. बाळ सुस्त पडले, प्यायचे थांबले, श्वास बदलला, तर क्षणाचाही विलंब नको.

आता आमच्या धंद्याचे दोन शब्द. त्या बाईने गोळी हौसेने घेतली नव्हती. हजेरी-बक्षिसाने तिला घ्यायला लावली. १९२४ साली नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आणले. ते संमत झाले नाही. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कौन्सिलात अशाच विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या कायम राहिल्या. त्या बाईला त्यांतली एकही मिळत नव्हती. मूल अंगाशी लागले नाही तर दूध आटते, हेही आम्हांला डॉक्टरीणबाईंनीच शिकवले. म्हणजे दोष एकट्या गोळीवर टाकून आम्हांला सुटता येत नाही. पेटीत गोळ्या होत्या, पण ह्या सुट्ट्यांची मागणी आमच्या मागणीपत्रकात नव्हती!

आज ती पेटी आहे. तीत सर्दीच्या मिश्र गोळ्या नाहीत. झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे, त्यावर एकच प्रश्न आहे: “घरी तान्हे मूल आहे का?” आणि त्या दोन सुट्ट्या आता मागणीपत्रकात पहिल्या पानावर आहेत. आपणही घरच्या पेटीच्या झाकणावर तेवढा प्रश्न लिहावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.