आहे ते छप्पर आधी राखा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





आज आम्ही अपंग माणसाच्या घराबद्दल बोलणार आहोत. कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यानं खोलीचं भाडं भरत नाही.

हिशेब साधा आहे. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांसाठी २०२५ साली दरमहा २५०० रुपये ठरले. आपल्या भागात एका खोलीचं भाडं किती नि डिपॉझिट किती, हे आयाबायांना सांगायला नको. अकरा महिने झाले की पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर.

कामावर अपघात झालेल्याला कामगार विमा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, त्याची योजना आखायला प्रा. अदारकरांना नेमलं गेलं. १९४८ साली कायदा झाला. पूर्ण निकामी झाला तर पगाराच्या नव्वद टक्के, नाहीतर कमाई घटेल त्या प्रमाणात. हा मोठा आधार आहे. पण रक्कम बांधली जाते जुन्या पगारावर, आणि खोलीचा भाव असतो आजचा.

आमच्या एका सोबत्याच्या अंगावर गोडाऊनात कापसाची गाठ आली, पाय गेला. वडिलांच्या पागडीच्या खोलीत तो जन्मला, वाढला. वडील वारले, भाडेपावती थोरल्याच्या नावावर झाली. घरचंच आहे म्हणून कुणी काही लिहून घेतलं नाही. पुढे थोरल्यानं खोली काढली. आम्ही चौघे समजवायला गेलो तोवर व्यवहार झाला होता. आज तो दूर उपनगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. लिफ्ट नाही. दवाखान्याच्या दिवशी पोरं खुर्चीवर बसवून खाली आणतात.

म्हणून आमचं म्हणणं असं, की नवं घर मिळेल तेव्हा मिळेल. आहे त्या घरातला अपंगाचा हक्क आधी कागदावर आणा. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मानला आहे. पण 'राहत होता' हे दाखवावं लागतं. रेशनकार्डात, मतदार यादीत त्याचं नाव त्याच पत्त्यावर हवं. पावती एकाच्या नावावर करताना भावंडांनी अपंगाचा हक्क लिहून ठेवावा. चाळ पुनर्विकासाला गेली तर सही करण्याआधी विचारा: मजला कितवा, मेंटेनन्स किती, आणि तो पेन्शनीतून कसा भरायचा?

नव्या घरासाठीही वाट आहे. २०१६ च्या कायद्यात सरकारी घरवाटपाच्या योजनांत पाच टक्के जागा अपंगांसाठी राखीव आहेत, बायकांना अग्रक्रम आहे. त्यासाठी निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो दाखला नि यूडीआयडी कार्ड आजच काढा. म्हाडाची जाहिरात आल्यावर धावपळ केली तर दिवस हातचे जातात. आणि सोडतीत नंबर लागला तरी घराचे पैसे भरावेच लागतात, हे घरच्यांनी आधी बसून ठरवावं.

विहारात आपण दर रविवारी जमतोच. वंदना झाली की अर्धा तास शिकलेल्या पोरापोरींनी टेबल टाकून बसावं, ज्याच्या घरी अपंग माणूस आहे त्याचे कागद तपासावेत, फॉर्म भरावेत. ज्यांना येता येत नाही, त्यांच्या दारी आम्ही जाऊ. नावं आजच सांगा.

जयभीम!