सावकाश म्हणजे कोठे सावकाश?



जवळा बाजारासारख्या हळद-सोयाबीनच्या पेठेत दिवसभराचे काम आटोपून माणसे व्याख्यान ऐकायला बसतात, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार कळते ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि कामगारांच्या संगतीतून मिळाले. तेव्हा आजच्या विषयाचे नाव ऐकून कोणी बिचकू नये. मोर्सची लिपी शिकताना सावकाश जावे की जाऊ नये, यावर हौशी बिनतारीवाल्यांमध्ये जो वाद चालत आला आहे, तो आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहोत. युनियनच्या माणसाला या कडकट्टशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. शिकणाऱ्यावर दया करायची तर ती कशी करावी, हा त्या वादाचा गाभा आहे. आणि प्रौढ माणसांना शिकविण्याचे काम आमच्या वाट्याला नेहमीच आलेले आहे.

प्रथम हे हौशी लोक कोण ते सांगतो. सरकारचा परवाना काढून, घरी बिनतारी यंत्र मांडून, एक पैसाही न घेता जगभरच्या आपल्यासारख्याच लोकांशी बोलणारी ही मंडळी. त्यांना हॅम म्हणतात. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात संदेशवहनासाठी अशी मंडळी धावून आली होती. तोंडाने बोलण्याची सोय असतानाही त्यांतले बरेच जण मोर्सवर जीव टाकतात. त्याला कारण आहे. मोर्सचा संदेश फार अरुंद पट्ट्यात मावतो. थोड्या विजेवर, खरखरीतून, जेथे माणसाचा आवाज विरून जातो तेथेही तो कानी पडतो.

मोर्सने आपली पहिली प्रसिद्ध तार 1844 साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पाठविली. आपल्याकडे 1855 पासून तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पुढे तारमास्तरांच्या कळीची जागा टेलिप्रिंटरने घेतली, आणि 2013 च्या जुलैत सरकारी तारसेवाच बंद पडली. पण हौशी लोकांनी मोर्स सोडला नाही. म्हणून तो शिकवावा कसा, हा प्रश्नही जिवंत राहिला.

या लिपीत दोनच ध्वनी. आखूड तो डिट आणि त्याच्या तिप्पट लांब तो डा. एका अक्षराच्या आत दोन ध्वनींमध्ये एका डिटाएवढी विश्रांती, दोन अक्षरांमध्ये तीन डिटांची आणि दोन शब्दांमध्ये सात डिटांची. सारा पसारा एवढाच. इंग्रजी क्यू म्हणजे डा-डा-डि-डा. आता मिनिटाला पाच शब्द या वेगाने हा क्यू वाजविला, तर तो संपायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. वीस शब्दांच्या वेगाने तोच क्यू पाऊण सेकंदात आटोपतो. वाद येथे सुरू होतो.

पहिला पक्ष जुना आहे. तो म्हणतो, भिंतीवर तक्ता लावा, डिट आणि डा पाठ करा, अगदी संथ ऐका, मोजा, लिहा. थेंबे थेंबे तळे साचे. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. परंतु तीन सेकंद वाजणाऱ्या क्यूला ध्वनी म्हणून आकारच राहत नाही. शिकणारा मोजतो, मनातल्या तक्त्यावर बोट ठेवतो आणि मग अक्षर लिहितो. आठ-दहा शब्दांच्या वेगापर्यंत हे कसेबसे निभते. पुढे मोजायला सवड उरत नाही आणि माणूस भिंतीला डोके लागल्यासारखा थांबतो.

अशा थबकण्याचा अभ्यास फार पूर्वी झाला आहे. ब्रायन आणि हार्टर या दोघा अमेरिकनांनी तारमास्तरांचाच अभ्यास करून 1897 आणि 1899 साली निबंध प्रसिद्ध केले. पाठविण्याचे कौशल्य बऱ्यापैकी सरळ वाढत जाते. ऐकून घेण्याचे कौशल्य मात्र मध्येच पठारावर येऊन थांबते, असे त्यांना दिसले. अक्षरे अंगवळणी पडली म्हणजे कान शब्द धरू लागतो आणि चढण पुन्हा सुरू होते, असा त्यांचा खुलासा होता. म्हणजे थोडे थबकणे सर्वांच्याच नशिबी आहे. पण ज्याने अक्षराऐवजी मोजणीच अंगवळणी पाडून घेतली, त्याला पठारावरून पुढे न्यायला वाटच उरत नाही.

दुसरा पक्ष लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा. 1930 च्या दशकात त्याने सांगितले, पहिल्या दिवसापासून पुरा वेग ठेवा, पण अक्षरे दोनच घ्या. ती शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखता आली की तिसरे घ्या. यात मोजण्याची सवय लागायला फटच राहत नाही. तक्रार अशी की वय झालेला, कामावरून थकून आलेला माणूस त्या नव्वदाच्या उंबरठ्यावर अडखळतो. पुरी मुळाक्षरे हाती येईपर्यंत त्याला एक साधा निरोपही घेता येत नाही, आणि तो यंत्र गुंडाळून ठेवतो.

तिसरा मार्ग फार्न्सवर्थ या अमेरिकन हॅमच्या नावाने ओळखला जातो. अक्षर वेगानेच वाजवा, पण दोन अक्षरांमध्ये भरपूर थांबा. याचा हिशेब पाहा. पाच शब्दांच्या वेगाने एका ठराविक शब्दाला बारा सेकंद मिळतात. जुन्या रीतीने त्यातले सुमारे साडेसात सेकंद अक्षरे वाजण्यात जातात. अक्षरे वीसच्या वेगाने वाजविली, तर दोन सेकंदांच्या आत ती संपतात आणि दहा सेकंद विचाराला उरतात. वेळ तेवढाच, वाटणी निराळी. कॉखचे लोक यावरही आक्षेप घेतात. एवढ्या शांततेत शिकणारा ऐकलेले पुन्हा मनात वाजवून मोजत बसेल, असे ते म्हणतात. आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय म्हणजे शांतता हळूहळू कमी करीत नेणे.

आपल्या मोंढ्यात लिलाव बोलणारा माणूस पाहा. बोलीचा आकडा तो झटकन उच्चारतो, ताणीत बसत नाही. थांबतो तो दोन बोलींच्या मध्ये. नवा पोरगाही त्याच्याजवळ उभा राहून आकडे पकडायला शिकतो. उद्या दयाबुद्धीने कोणी "पाच"मधला "पा" ओढून तीन सेकंद लांबविला, तर पोराला काय कळणार? मात्र हात आणि कान यांत भेद आहे, हेही सांगितले पाहिजे. कळ दाबण्याचे काम हाताचे. ते तबल्याच्या बोलासारखे आधी संथ आणि स्वच्छच बसवावे लागते. जुन्या पक्षाचे हे म्हणणे हाताला लागू आहे. त्याने ते कानावरही लादले, एवढीच आमची तक्रार.

या वादात परीक्षेचाही हात आहे. 1978 च्या भारतीय नियमांत वरच्या श्रेणीला मिनिटाला 12 शब्दांची आणि खालच्या श्रेणीला 5 शब्दांची अट होती. पाच शब्द मोजूनही पार पडत होते. म्हणून कित्येकांनी मोजणीच शिकून घेतली, आणि बारा शब्दांशी गाठ पडताच ते अडले. पुढे आपल्याकडे वरची अट आठ शब्दांवर आली. 2003 साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने मोर्सची सक्ती ज्या त्या देशावर सोपविली आणि अमेरिकेने 2007 साली ती काढूनच टाकली. आता दारच मोडले, असा विलाप काही जुन्यांनी केला. आम्हांला तसे वाटत नाही. दारावरच्या परीक्षेने माणसे गाळता येतात. शिकवायचे कसे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात हेच अनुभवाला येते. एकेक अक्षर लावीत वाचणारा कामगार ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. समोरचा म्हणतो, "उरक लवकर, सही कर." तो सही करतो आणि पगारातून काय कापले गेले ते त्याला घरी गेल्यावर दुसरा कोणी वाचून दाखवितो. म्हणून आम्ही "हजेरी", "कपात", "जादा काम" हे शब्द अख्खेच डोळ्यांपुढे धरतो आणि प्रत्येकाला विचार करायला वेळ देतो. शब्द मोडायचा नाही. थांबायचे ते दोन शब्दांच्या मध्ये. तारमास्तराचा कान आणि मजुराचा डोळा यांची शिकण्याची तऱ्हा फारशी वेगळी नाही.

एक गोष्ट मात्र साऱ्या पक्षांनी मान्य केलेली आहे. बिनतारीवर "क्यू आर एस" असा संकेत आहे. त्याचा अर्थ, कृपा करून सावकाश पाठवा. तो आला की वेगवान माणसाने आपला वेग उतरवून समोरच्याच्या चालीला चाल मिळवायची, हा त्या लोकांचा रिवाज आहे. दिंडी जशी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी थबकते, तसेच हे. आमच्या संघटनेत हा रिवाज जितका पाळला गेला, तितकीच ती टिकली. वाद उरतो तो एवढाच, की सावकाश म्हणजे कोठे सावकाश? आमचे उत्तर असे, की अक्षर पुरते द्या, खऱ्या रूपात द्या, आणि सावकाशपणा दोन अक्षरांच्या मध्ये घाला. माणूस गरीब आहे, थकलेला आहे, वय झालेले आहे, म्हणून त्याला मोडके अक्षर शिकविणे ही दया नव्हे. त्या मोडक्या अक्षराची किंमत पुढे त्यालाच भरावी लागते.

या गावात कोणी मुलाला गणित शिकवीत असेल, कोणी सुनेला बँकेचा कागद वाचायला शिकवीत असेल, कोणी नव्या गड्याला मोंढ्याचा काटा पाहायला शिकवीत असेल. त्यांनी उद्या एवढेच करून पाहावे. सांगायचे ते नीट, अख्खे सांगावे, आणि मग गप्प बसून त्याला वेळ द्यावा. हे गप्प बसणेच अवघड असते.