मंडईतील टाकाऊ भाजीचा मुरघास

सचिन म्हटले की आज कोणाच्याही डोळ्यांपुढे क्रिकेटपटूच उभा राहतो. मला बोलावयाचे आहे ते सुरतेहून नवसारीकडे जाताना लागणाऱ्या सचिन गावाविषयी. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील अब्दुल करीम खान याने १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला व त्याबदली हा मुलूख घेतला. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे. उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात पोटासाठी आलेली खानदेशी कुटुंबे हजारोंनी नांदत आहेत.

एवढ्या वस्तीला भाजी लागणार, आणि बाजार उठला की मागे कोबीची पाने, फ्लॉवरचे दांडे, मटाराच्या शेंगा, नरम पडलेली केळी यांचा ढीग राहणार. मोकाट गाई त्यावर तुटून पडतात व पाल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही गिळतात. त्या पिशव्या पोटात साचतात आणि पुष्कळदा जनावराचा जीव घेतात. इकडे गवळी चाऱ्याच्या भावाने मेटाकुटीस येतो. सुरतेच्या बाजार समितीत अशा भाजीपासून इंधनवायू काढतात, ते चांगलेच आहे. तथापि जे दावणीला चालण्याजोगे आहे ते आधी दावणीला जावे, असे माझे मत आहे.

अडचण आहे ती पाण्याची. ताज्या भाजीत शेकडा ९० भाग पाणी असते. ती तशीच दडपून ठेवली तर मुरत नाही, कुजते. मुरघासाला शेकडा ६५ ते ७० भागच ओलावा हवा. येथे सभोवतालची शेती उपयोगी पडते. या बाजूस भात पिकतो, आणि वाळलेल्या पेंढ्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा. तीन मण भाजीत एक मण पेंढा मिसळला की मिश्रणाचा ओलावा सत्तरावर येतो. पेंढा नसेल तर कडब्याची कुट्टी घ्यावी. मूठ घट्ट आवळून पाहावी: गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

हे मिश्रण इंचभर तुकडे करून पिंपात किंवा जाड पिशवीत थराथराने भरावे व पायांनी तुडवून हवा काढून टाकावी. नुसता पाला असेल तर शंभर किलोंस किलो-दोन किलो गूळ विरघळवून शिंपडावा; फळे असतील तर त्यांतील साखर पुरते. हवा नसली की जंतू त्या साखरेचे दुग्धाम्ल करतात आणि ते आम्लच चारा राखते. फिनलंडच्या व्हिर्टानेन यांनी हिरव्या चाऱ्यात बाहेरून आम्ल घालून तो टिकविण्याची रीत बसविली. त्यांना १९४५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पिंपात ते काम जंतू फुकट करतात.

खरा कस लागतो निवडण्यात, आणि ती निवड बाजारातच, त्याच सकाळी झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या ढिगाची किंमत खताएवढीच उरते. सुतळी, रबर, पिशव्या, टाचण्या वेगळ्या काढाव्यात. बुरशी आलेला माल मुळीच घेऊ नये. बुरशीचे विष मुरल्याने जात नाही. हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे वगळावेत. कांदा फार झाल्यास गाईच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा तोही दूर ठेवावा. विक्रेत्याने दोन टोपल्या ठेवल्या तर यातले निम्मे काम तेथेच उरकते. परंतु त्या दुसऱ्या टोपलीचे दोन पैसे गवळ्याने त्याच्या हातावर ठेवले पाहिजेत. फुकटच्या भरवशावर ही व्यवस्था चार दिवस टिकणार नाही.

सुमारे ४५ दिवसांनी पिंप उघडावे. पिवळसर रंग व आंबूस, गोडसर वास आला तर मुरघास साधला. काळा, चिकट, दुर्गंधी निघाला तर उकिरड्यावर टाकावा. प्रथम दिवसाला एक-दोन किलोच घालावा, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा, आणि लहान वासरांना देऊ नये. दूध काढून झाल्यावर घालावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही. पिंपातून रोज वरचा थर सारखा काढून घ्यावा व तोंड लगेच बंद करावे.