गोठ्याची भिंत, गाळ्याची भिंत
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय भिंतींना आतून काय लावावे हा आहे, आणि त्या भिंती दिवाणखान्याच्या नाहीत. इथे बसलेल्यांपैकी कुणाचा गावी गोठा असेल, कुणाचा औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा, कुणी हौसेने सुतारकामाची खोली काढली असेल. घराच्या रंगासाठी आपण चार दुकाने पालथी घालतो. गोठ्याच्या नि गाळ्याच्या भिंतीला मात्र उरलासुरला माल लागतो. मग दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले की दोष गवंड्याचा!

माझे सांगणे एवढेच आहे की कामाच्या जागेतली भिंत खालपासून वरपर्यंत सारखी नसते. तिला होणारा त्रास उंचीप्रमाणे बदलतो, म्हणून आवरणही बदलावे. सगळ्या भिंतीला एकच वस्तू लावणे हीच बहुतेक बिघाडांची सुरुवात असते.

सगळ्यात हाल खालच्या चार-साडेचार फुटांचे. गोठ्यात जनावर तिथे अंग घासते, शिंग लावते, शेणामुताचे शिंतोडे उडतात. मुतातला युरिया शेणातल्या जिवाणूंमुळे फुटतो आणि अमोनिया तयार होतो. दमट हवेत हा अमोनिया जस्ताला खातो. म्हणूनच गोठ्यात आतून लावलेला, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा बहुधा खालच्या कडेकडून जातो. दुसरीकडे जमिनीतली ओल विटांतून वर चढते, बरोबर क्षार आणते. ओल सुकते, क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीवर ऑइलपेंट मारला तर आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि रंगाला फोड येतात.

तेव्हा विटांची भिंत असेल तर या पट्ट्याला घोटलेला सिमेंटचा गिलावा किंवा सांधे नीट भरलेली शहाबादी फरशी द्या. जमीन आणि भिंत जिथे मिळते तो कोपरा गोल करून घ्या. काटकोनात शेण अडकते आणि खराट्याला ते निघत नाही. भिंत मातीची असेल तर मात्र तिच्यावर सिमेंट थापू नका. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती कोंडते, तडकते आणि शेवटी पापुद्रा सुटावा तसे सगळे खाली येते. तिथे मातीचाच गिलावा ठेवा, शेणाने सारवा आणि जनावर भिंतीशी भिडू नये म्हणून फूटभर अंतरावर आडवा पाइप किंवा बांबू बांधा. आवरणापेक्षा तो आडवा अडसर जास्त कामाचा ठरतो.

मुरघासाची गोष्ट वेगळी. मुरघासात, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात, लॅक्टिक आम्ल असते. ते चुना आणि सिमेंट दोन्ही खाते. मुरघासाच्या खड्ड्याला किंवा टाकीला आतून प्लास्टिकचा कागद लावल्यावाचून चारा भरू नये.

आता गाळ्याकडे येऊ. तिथेही खालचा पट्टा सिमेंटचाच बरा, कारण ढकलगाडी, लोखंडी अँगल आणि फरशी धुतल्याचे पाणी सगळे तिथेच आदळते. त्याच्यावर, हात पोचतो त्या उंचीला, प्लायवूड शोभते. हवे तिथे खिळा ठोका, पाना अडकवा, करवत टांगा. बारा मिलिमीटरचे प्लाय लाकडी पट्ट्यांवर बसवले तर पुरते. एक जपा: मागची पोकळी दोन्ही टोकांना बंद करा, नाहीतर तिथे उंदीर राहायला येतील, आणि पट्ट्यांना वाळवीचे औषध आधीच लावा.

पण वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालतो तिथे हे प्लाय नको. उडणाऱ्या ठिणग्यांपासून पस्तीस फुटांच्या आत पेटणारी वस्तू नसावी, असा सुरक्षेचा जुना नियम आहे. त्या भिंतीला उघडा गिलावा किंवा सिमेंटचा बोर्ड ठेवा. जिप्समचा बोर्ड आगीपुढे टिकतो, कारण त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग स्फटिकात बांधलेले पाणी असते. पण फळीचा एक कोपरा लागला की त्याला खड्डा पडतो, आणि ओल तर त्याला सोसतच नाही. ऑफिसच्या पार्टिशनला ठीक, गाळ्याच्या भिंतीला नाही.

लाकूड कापणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून तिथे खाचाखोचा नसलेली, पुसता येणारी भिंत हवी.

उरला वरचा पट्टा, छपरापर्यंतचा. गोठ्यात गिलाव्याच्या वरची सगळी भिंत या हिशेबात धरा. इथे चुन्याला तोड नाही. ताजा चुना अतिशय अल्कधर्मी असतो, त्यात जंतू तगत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो भिंतीवरच पुन्हा चुनखडी होतो. शिवाय पांढऱ्या भिंतीने उजेड वाढतो. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हीच गोष्ट कायद्यात आणली: रंग न दिलेल्या आतल्या भिंतींना निदान दर चौदा महिन्यांनी सफेदी करावी, असे त्याचे अकरावे कलम सांगत असे. आपल्या गोठ्यात हा नियम लागू नव्हता, पण पाळायला कुणी अडवलेले नाही.

कळीचा चुना विरवताना पाणी उकळते. डोळ्यांवर चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. विरलेला चुना गाळून, भिंत किंचित ओली करून दोन-तीन पातळ हात द्या. सुकेपर्यंत जनावरे बाहेर बांधा. आणि गव्हाणीजवळ जुना ऑइलपेंट असेल तर तो खरवडून काढा. ती खरवड नीट गोळा करून लांब टाका. जुन्या रंगांत शिसे असायचे आणि गुरे भिंत चाटतात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या डब्याचा भरवसा धरू नका.

शेवटी दोन नकार. पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा कमी व्हावा म्हणून आतून उघडा थर्माकोल किंवा फोम चिकटवतात. तो पेटला की आगीआधी विषारी धूरच माणसाला गाठतो. लावायचाच असेल तर न पेटणाऱ्या बोर्डाच्या मागे लावा. आणि जुन्या अॅस्बेस्टॉसच्या पत्र्याला खिळ्यासाठी भोक पाडू नका, कापू नका. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासात गेले तर कर्करोग होऊ शकतो.

हे सगळे लक्षात ठेवणे जड वाटत असेल तर एकच काम करा. पावसाळा तोंडावर आहे. श्रावणात गोठ्यात किंवा गाळ्यात उभे राहा, ओल कुठवर चढली, धक्के कुठवर बसले, तिथे खडूने रेघ ओढा. दुकानात त्यानंतर जा, आणि दुकानदाराला रंगाचे नाव सांगण्याआधी त्या रेघेची उंची सांगा.