घाट उतरावा तो कशातून?



या मालेत आपण वेदान्त ऐकला, अर्थकारण ऐकले, काल तर आकाशातल्या ताऱ्यांची ओळख करून घेतली. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती आहे. मिरजेहून सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात सहलीला जायचे, तर आगगाडीने जावे की मोटारीने? कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने महागाईभत्त्यावर बोलावे, सहलीच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कोणाला वाटेल. पण रविवारची सुट्टी ही आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार यांनी ती झगडून मिळवली, आणि १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. ज्यांनी सुट्टीसाठी भांडण केले, त्यांनी ती चांगली कशी घालवावी याचाही विचार करायला हवा.

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्रीचा कडा उत्तर-दक्षिण भिंतीसारखा उभा आहे. ही भिंत ओलांडायला मोटारीच्या वाटा पुष्कळ आहेत: ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. आगगाडीचे तसे नाही. पुण्याकडचा बोरघाट सोडला, तर खाली दक्षिणेला लोंढ्यापलीकडच्या ब्रागांझा घाटापर्यंत आगगाडी सह्याद्री उतरतच नाही. कराड-चिपळूण रेल्वेची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो, पण चर्चेवरून गाडी धावत नाही. म्हणून सातारकराला किंवा कोल्हापूरकराला घाट पाहायचा तर मोटारीवाचून गत्यंतर नाही. आपण मिरजकर मात्र भाग्यवान. आपल्या जंक्शनावरून बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करीत गोव्याचा रूळ जातो, आणि कोल्हापूर, आजरा, आंबोलीवरून सावंतवाडीला सडकही जाते. ज्याच्यापुढे दोन वाटा असतात, त्यालाच निवडीची डोकेदुखी असते.

आता आगगाडीचा घाट घेऊ. पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांत १८७८ साली करार झाला, त्यातून मुरगाव बंदर ते कॅसलरॉक हा लोहमार्ग बांधला गेला आणि १८८८ साली पुरा झाला. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्याआधी या मार्गावर कॅसलरॉकला एक जकात आणि कुळ्याला दुसरी, अशी प्रवाशाच्या वळकटीची दोनदा झडती होत असे. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. उतार काही ठिकाणी ३७ स एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर खाली. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र उतार होय. म्हणून येथे गाडीला जादा इंजिने लावतात आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. असल्या घाटात मुख्य रुळाला फुटून चढावर जाणारा एक आडरूळ ठेवलेला असतो. ब्रेक हातचे गेले तर धावती गाडी त्या चढावर चढून आपोआप थांबावी, ही त्यातली युक्ती. प्रवाशाला वाटते, गाडी उगाच रेंगाळते आहे. वास्तविक ती सावधपणाने चाललेली असते, आणि पाहणाऱ्याला तर हे रेंगाळणे पर्वणीच. बोगद्यातून बाहेर पडावे, दरीवर डोळा टाकावा, तोच पुन्हा काळोख. आणि मग दूधसागर! मांडवी नदीचे पाणी सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळते आणि त्याच्या ऐन पुढ्यातल्या पुलावरून आगगाडी जाते. एका खिडकीत धबधबा, दुसऱ्या खिडकीत दरी. हे दृश्य मोटारीतून दिसणे नाही.

पण येथे एक ग्यानबाची मेख आहे. घाट तेथेच असतो. उजेड मात्र वेळापत्रकावर अवलंबून असतो. एकाच नावाची गाडी जाताना मध्यरात्री घाट उतरते आणि येताना दिवसाउजेडी चढते, असे या मार्गावर घडते. तिकीट काढण्यापूर्वी गाडी लोंढ्याला आणि कुळ्याला किती वाजता असते ते विचारा. रात्रीचे तिकीट काढून दूधसागर पाहायला जाणे म्हणजे डोळे मिटून लग्न लावण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात रुळांवरून चालत धबधब्याकडे जाऊ नका. २०२३ च्या जुलैत अशा हौशी मंडळींना रेल्वे पोलिसांनी अडवले आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या. लोक हसले. पण ३७ स एक उतारावरून येणारी गाडी माणूस पाहून थांबू शकत नाही, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

आता मोटारीची बाजू. आंबोली हे हिरण्यकेशीच्या उगमाचे गाव. वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस तेथे पडतो. आपल्या मिरजेचा पाऊस त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. पावसाळ्यात तेथे सडकेच्या कडेलाच धबधबा उतरतो. मोटारीचा मोठा गुण असा की ती थांबते. चहाच्या टपरीशी थांबते, म्हातारीला कसेसे झाले तर थांबते, आणि आगगाडीचे स्टेशन जेथे कोसभर दूर राहते तेथे एस.टी. गावाच्या पारापर्यंत जाते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. सुटली. तेव्हापासून कोकणातल्या वाडीवस्तीला हिनेच बाहेरचे जग दाखवले आहे.

खर्चाचाही विचार हवा, कारण कामगाराच्या घरात सहल म्हणजे एका महिन्याची ओढाताण. आगगाडीच्या साध्या डब्याचे भाडे एस.टी.हून कमी पडते. पण १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले, आणि त्याआधी २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तरी गाठलेल्यांना प्रवास मोफत झाला. उलट रेल्वेने वृद्धांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. तेव्हा घरात आजी, आई, सून आणि दोन मुली असतील तर हिशेब कागदावर मांडा, एस.टी.चे पारडे जड होईल. मात्र गोव्याच्या हद्दीत शिरलात की सवलत संपते, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

येथवर सगळे सोपे होते. आता जी गोष्ट सांगायची आहे, तिच्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो. आमच्या संघटनेची सहल दरवर्षी निघते, आणि दरवर्षी कोणीतरी ठेकेदाराचा कागद घेऊन येतो: रात्री दहाला आरामगाडी सुटेल, पहाटे समुद्र, दिवसभर फिरणे, रात्री परत. एक मुक्काम वाचतो, पैसे वाचतात. सभासदांना हे पटते. मग आम्ही ठेकेदाराला तीनच प्रश्न विचारतो. चालक किती? काल रात्री हा चालक कोठे होता? आणि आम्ही समुद्रावर हिंडत असू तेव्हा तो कोठे झोपणार? पहिल्याचे उत्तर चटकन मिळते. दुसऱ्याला ठेकेदार टोपी सारखी करतो. तिसऱ्याला म्हणतो, “साहेब, तो गाडीतच पडतो की.” मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या गाडीत, समुद्रकाठच्या वाळूत पडलेला तो माणूस संध्याकाळी आमची पन्नास माणसे घेऊन आंबोलीचा घाट चढणार!

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विसावा अशी मर्यादा घालून दिली. आगगाडीच्या चालकांनीही कामाच्या तासांसाठी मोठी किंमत मोजली आहे. १९७४ च्या मे महिन्यातल्या वीस दिवसांच्या रेल्वे संपात आठ तासांची मागणी अग्रभागी होती. प्रवाशांना त्या संपाचा त्रास झाला, हे खरे. पण पुरती झोप झालेला चालक ही प्रवाशाचीच गरज आहे, हे आपण तिकीट काढताना विसरतो.

आम्ही कोणा एका वाहनाला दोष देत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्यात चालकाचा काय अपराध? २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वेच्या गाडीतली पन्नासच्या आसपास माणसे दगावली. निसर्गापुढे दोन्ही सारखी. पण १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी शयनगाडी उलटून पेटली आणि २५ माणसे होरपळून गेली. अशी बातमी वाचली की आमचे मन त्याच तीन प्रश्नांकडे वळते.

रस्त्याचे आणि रुळांचे मोल त्याहून जुने आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तो खोदताना हजारो मजूर लागले, पटकीने किती मेले त्याची गणती नाही. आणि १८५९ साली मजुरी थकली म्हणून तेथल्या मजुरांनी दंगा केला, तो या देशातल्या कामगारांच्या जुन्या झगड्यांपैकी एक. खिडकीतून घाट पाहताना मुलांना एवढे सांगा, की हा बोगदा कोणाच्या तरी सुरुंगाने आणि पहारीने झाला आहे.

तर आमचा सल्ला काय? जाताना सकाळची एस.टी. धरा आणि उजेडात आंबोली उतरा. एक रात्र खाली मुक्काम करा. परत येताना दिवसा कुळ्याहून चढणारी आगगाडी साधा, म्हणजे दूधसागर डोळे भरून दिसेल. दोन्ही घाट पाहून होतील. खाजगी गाडीच करायची असेल, तर दोन चालक मागा, चालकाच्या झोपण्याची खोली आपल्या हिशेबात धरा, आणि रात्रीचा घाट कागदावरून खोडून टाका. गेल्या वर्षी आम्ही हा हिशेब केला. पन्नास माणसांत वाटल्यावर चालकांच्या खोलीचा आणि जेवणाचा खर्च माणशी एका चहाभज्यांच्या प्लेटीइतका आला.

तेवढे पैसे काढायला आपल्यापैकी कोणी मागेपुढे पाहील, असे आम्हाला वाटत नाही.